दहावीनंतर आयटीआय: गुहागरच्या एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे याच काळजीत असलेल्या इतर पालकांनाही उत्तर कशाचं आहे ते कळेल. मुलाला दहावीला 64 टक्के मिळाले. वडील मच्छीमार. मुलगा सुट्टीत सतत बोटीच्या इंजिनाशी असतो आणि त्याला आयटीआयला डिझेल मेकॅनिक करायचं आहे. शाळेतले सर म्हणतात अकरावी सायन्सला घाला. विरारचे मामा म्हणतात मुंबईला पाठवा, कॉमर्स करून पदवी तर हातात पडेल. शेजारी म्हणतात आयटीआय म्हणजे नापासांची जागा. आणि तुम्ही स्वतः विचारता आहात की एकदा तिकडे गेला की पुढचं शिक्षण कायमचं बंद होईल का, आणि उद्या त्याला मुलगी कोण देईल.

मी रत्नागिरी जिल्ह्यात आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा शिक्षक होतो. मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक हेच माझे ट्रेड. निवृत्तीनंतरही दहावीचा निकाल लागला की पालक घरी येतात, म्हणून हे प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मुलाला आयटीआयला जरूर घाला. पण डिझेल मेकॅनिक न घेता दोन वर्षांचा ट्रेड घ्या. आणि आयटीआयचं प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे शिक्षण संपलं असं घरात कोणीही समजू नका. त्यानंतरची अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत विद्यावेतनावर काम शिकणं, पूर्ण होईपर्यंत त्याचं शिक्षण अर्धंच झालेलं असतं. बाकीचं सगळं उत्तर म्हणजे या तीन मुद्द्यांमागची कारणं.

पहिली भीती रस्ता बंद होण्याची. ती खरी नाही, पण एक अट आहे आणि ती बहुतेकांना प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही. आयटीआयमध्ये काही ट्रेड एक वर्षाचे असतात, काही दोन वर्षांचे. डिझेल मेकॅनिक, वेल्डर, प्लंबर, सुतारकाम हे एक वर्षाचे. फिटर, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक, मशिनिस्ट, टर्नर, रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग हे दोन वर्षांचे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या (तंत्रनिकेतनातल्या पदविकेच्या) थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. एक वर्षाच्या ट्रेडवाल्याला तो दरवाजा उघडत नाही. बारावीच्या समकक्षतेचंही तसंच: दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय आणि सोबत भाषा विषयांची परीक्षा दिली की बारावी समकक्ष धरतात. ती राज्य मंडळाकडून देता येते, किंवा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तेच काम होतं.

म्हणजे तुमचा मुलगा मोटार मेकॅनिक झाला, आपल्या जिल्ह्यात रत्नागिरीला किंवा खाली मालवणला शासकीय तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला लागला, तर दोन वर्षांत त्याची पदविका होते. पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश असतो, तिथे तीन वर्षं. बेरीज करा: दोन, दोन आणि तीन, अशी दहावीनंतर सात वर्षं. अकरावी-बारावीच्या वाटेने तीच पदवी सहा वर्षांत होते. फरक एका वर्षाचा. आणि या वाटेवर दोन ठिकाणी असे टप्पे आहेत जिथे थांबलं तरी हातात काम आणि मान्य प्रमाणपत्र असतं. बारावी सायन्सला सीईटी बिघडली तर हातात काय राहतं, ते आपल्या तालुक्यातल्या घराघरांत बघायला मिळतं.

हे सगळं सोपं आहे असं मात्र मी सांगणार नाही. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या असतात आणि त्या गुणांवर मिळतात. आयटीआयची मुलं पदविकेला गेली की गणितात अडकतात. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना मागे टाकणारा मुलगा तिथे गणिताच्या पेपरला बसून घाम पुसतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. आयटीआयमध्ये 'वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स' नावाचा विषय असतो. मुलं तो पासापुरता करतात. पुढे शिकायचं मनात असेल तर तोच विषय मन लावून करायचा आणि दहावीचं बीजगणिताचं पुस्तक रद्दीत घालायचं नाही. इतकं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आता ट्रेडबद्दल. तुमच्या मुलाला इंजिनाची आवड आहे, मग डिझेल मेकॅनिकला मी का नको म्हणतो? ट्रेड वाईट नाही, मी स्वतः तो शिकवला आहे. एका वर्षात मुलगा इंजिन उघडून, मोजून, जोडून चालू करायला शिकतो. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीतही हा ट्रेड चालतो. ज्या घरात वर्षभरात कमाई सुरू होणं गरजेचं आहे, त्या घराला मी तोच सांगेन. पण तुम्ही लिहिलं आहे की दोन वर्षं थांबायची आमची तयारी आहे. मग मोटार मेकॅनिकमध्ये तेच इंजिन शिकून वर गिअरबॉक्स, ब्रेक, गाडीची वायरिंग, सेन्सर हेही येतं, आणि पॉलिटेक्निकचा दरवाजा उघडा राहतो.

बोटीच्या इंजिनाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो. आयटीआयमध्ये शिकवतात ती जमिनीवरची इंजिनं. बोटीवर तेच सहा सिलिंडरचं इंजिन असलं तरी त्याचं थंड होणं वेगळं, खाऱ्या पाण्याने पाइप आणि हीट एक्स्चेंजर खाल्ला जाणं वेगळं, पंख्याच्या शाफ्टचं पॅकिंग, मरीन गिअरबॉक्स, जस्ताच्या पट्ट्या, हे सगळं वेगळं. ते बंदरावर शिकायचं असतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी शाकारून ठेवल्या की मिरकरवाडा, हर्णै, दाभोळ इथे इंजिनं उतरवायचं काम सुरू होतं आणि नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांना आपलं इंजिन तयार हवं असतं. मेकॅनिकचा खरा हंगाम तोच. तुमच्या मुलाने दोन्ही वर्षी पावसाळ्यात, आयटीआय सांभाळून, रविवारी एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली उभं राहावं. मिस्त्रीला चाळीस वर्षांचा कान असतो, नुसत्या आवाजावरून तो नोझल खराब आहे की व्हॉल्व्ह ते सांगतो. पण तो मायक्रोमीटर लावून झीज मोजत नाही. मुलाच्या हातात दोन्ही आलं तर बंदरावर त्याला काम शोधत फिरावं लागणार नाही.

समुद्रातच पुढे जायचं असेल तर आणखी एक वाट आहे. केंद्र सरकारची सिफनेट ही मासेमारी जहाजांवरच्या कामाचं प्रशिक्षण देणारी संस्था, मुख्यालय कोचीला, शिवाय चेन्नई आणि विशाखापट्टणमला शाखा. तिथे दहावीनंतर दोन वर्षांचे 'व्हेसल नॅव्हिगेटर' आणि 'मरीन फिटर' असे दोन अभ्यासक्रम आहेत. दहावीला गणित-विज्ञान लागतं आणि प्रवेश परीक्षा असते. पुढे समुद्रावरचा अनुभव आणि परीक्षा यांतून मासेमारी जहाजावरचा स्किपर किंवा इंजिन ड्रायव्हर अशी कायदेशीर प्रमाणपत्रं मिळवता येतात. आपल्या किनाऱ्यावरची फार थोडी मुलं तिकडे जातात. मला हे मनापासून खटकतं, कारण ज्या मुलाने लहानपणापासून भरती-ओहोटी बघितली आहे त्याच्यासाठी यासारखा अभ्यासक्रम दुसरा नाही. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षणही आहे, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल यांचं. त्याला क्रियाशील मच्छीमार असणं आणि पोहता येणं लागतं. ते तुमच्या यजमानांसाठी किंवा घरातल्या मोठ्या मुलासाठी अधिक योग्य, दहावीच्या मुलाचं मुख्य शिक्षण म्हणून नाही.

ट्रेड निवडताना पालक विचारतात, कशाला जास्त मागणी आहे? मी वेगळं विचारायला सांगतो: घरापासून दोन तासांच्या टापूत काय आहे? तुमच्यापासून लोटे-परशुराम जवळ, तिथे रसायनांचे कारखाने. महाडलाही तेच. अशा ठिकाणी 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लँट' हा दोन वर्षांचा ट्रेड थेट उपयोगाचा, शिवाय इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि फिटर. जयगडला वीज प्रकल्प आणि बंदर, अंजनवेलला वीज प्रकल्प आणि एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनल. अशा ठिकाणी पाइपचं वेल्डिंग लागतं, आणि साधा वेल्डर व 6जी चाचणी पास झालेला वेल्डर यांच्या मजुरीत फार मोठा फरक असतो. 6जी म्हणजे पाइप 45 अंशात तिरका पक्का बांधलेला, तो न फिरवता सगळ्या बाजूंनी जोड द्यायचा, आणि मग जोड आतून पक्का आहे का ते तपासतात. तिथे ओळख चालत नाही, हात चालतो.

माझ्या मते आपल्या किनाऱ्यावर सर्वांत दुर्लक्षित ट्रेड रेफ्रिजरेशनचा आहे. जरा विचार करा. प्रत्येक बंदरावर बर्फाचे कारखाने, त्यांतले बरेच अमोनियावर चालणारे. रत्नागिरीत मासळी प्रक्रियेचे उद्योग. आंब्याची शीतगृहं आणि कॅनिंग. तारकर्लीपासून दिवेआगरपर्यंतची हॉटेलं आणि घरगुती राहण्याच्या सोयी, प्रत्येक खोलीत एसी, आणि खाऱ्या हवेने प्रत्येक एसीची कॉइल लवकर खराब होणारी. उरणच्या जेएनपीए बंदरात तर थंड ठेवायचे कंटेनर रात्रंदिवस वीज लावून उभे असतात, त्यांना सांभाळणारी माणसं लागतात. मुलं इलेक्ट्रिशियनसाठी धडपडतात, त्याची यादी आधी भरते. रेफ्रिजरेशनला त्या मानाने गर्दी कमी. तुमच्या मुलाचा ओढा इंजिनाकडे आहे म्हणून मी त्याच्यावर हे लादणार नाही, पण अर्जात दुसरा-तिसरा विकल्प म्हणून जरूर लिहा. कॉम्प्रेसरही शेवटी इंजिनासारखाच पिस्टन-व्हॉल्व्हचा खेळ आहे, त्याला रस वाटेल.

इलेक्ट्रिशियनबद्दल इतकंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, आणि 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्या दोन वर्षांत ज्याच्या हातात पक्कड होती तो तरुण घरी बसला नाही. खांब उभे करणं, घरांची वायरिंग बदलणं, पाण्यात बुडालेल्या विजेच्या मोटारी सुकवून पुन्हा गुंडाळणं, फ्रीज, पंप, दुचाकींची इंजिनं. चिपळूणच्या बाजारात पुरानंतर कित्येक आठवडे मेकॅनिकच्या मागे लोक फिरत होते. त्या काळात आमची माजी मुलं गटागटाने तिथे गेली होती. कोणी पैसे घेतले, कोणी घेतले नाहीत. त्या मुलांचा मला आजही फार अभिमान वाटतो.

आता मुख्य मुद्दा, अप्रेंटिसशिप. आपल्याकडे तिला 'शिकाऊ उमेदवारी' म्हणतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ती चालते. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. आयटीआय झालेल्या मुलाला साधारण एक वर्ष करावी लागते, शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. आयटीआयचं प्रमाणपत्र वेगळं आणि हे वेगळं. दोन्ही असलेला मुलगा आणि एकच असलेला मुलगा, यांच्याकडे कारखान्याचा माणूस सारख्या नजरेने बघत नाही. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी केलेल्यांसाठी लेव्हल-1, म्हणजे सुरुवातीच्या वेतनस्तराच्या भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात, हे तर अनेक पालकांना ठाऊकच नसतं.

कोकणात नेमकं इथेच गणित बिघडतं. आयटीआय पास झालेला मुलगा लोट्याला जातो. कंपनी म्हणते शिकाऊ उमेदवार म्हणून घेतो, विद्यावेतन मिळेल. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्या मुलासाठी किमान 7,000 रुपये धरले होते. गेटबाहेर ठेकेदाराचा माणूस उभा असतो. तो म्हणतो, माझ्याकडे हेल्पर म्हणून ये, दोन-चार हजार जास्त देतो. मुलगा हेल्पर होतो. दोन वर्षांनी ठेका बदलतो, मुलगा घरी येतो, आणि त्याच्याकडे अनुभवाचा एकही कागद नसतो, कारण ठेकेदाराकडे तो कागदावर होता की नाही हेसुद्धा त्याला माहीत नसतं. हुशार, हाताने चांगली मुलं अशी वाया गेलेली मी पाहिली आहेत. घरच्यांची चूक म्हणावं तर तसंही नाही. घरात कर्ज असतं, बहिणीचं लग्न असतं, दोन हजार म्हणजे दोन हजार. तरीही मी हात जोडून सांगतो, ते एक वर्ष कसंही करून काढा. लागलं तर मामांना सांगा की कॉमर्ससाठी जो खर्च तुम्ही उचलणार होता, तो त्या एका वर्षासाठी द्या.

त्यात दोन गोष्टी बघा. मुलाचा करार 'अप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते त्याने स्वतः उघडून बघावं. नोंद नसेल तर कंपनी त्याला ट्रेनी म्हणो नाहीतर इंटर्न म्हणो, शेवटी राष्ट्रीय परीक्षेला बसता येणार नाही. आणि दुसरी गोष्ट आपल्या स्वभावाची. गणपतीला आणि शिमग्याला मुलगा घरी येतो आणि परत जातच नाही. कंपन्यांची आपल्या मुलांबद्दलची सर्वांत मोठी तक्रार हीच, आणि ती खोटी नाही. पालखी घरी येते तेव्हा कोकणी माणसाला कामावर उभं राहणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे, मीही इथलाच. पण त्या वर्षापुरती रजा आधी मागून, लिहून घेऊन यायचं आणि ठरल्या दिवशी परत जायचं. पाठवायची जबाबदारी तुमची, ताई. आई परत पाठवते तेव्हाच मुलगा जातो.

शिकाऊ उमेदवारीनंतर तिसरी पायरी असते परवान्याची, आणि तिथे पगार बदलतो. काही कामं अशी आहेत की कायद्याने प्रमाणपत्र किंवा परवाना असलेला माणूसच ती करू शकतो. वाफेचा बॉयलर चालवायला बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची परीक्षा राज्याचं बाष्पके संचालनालय घेतं. विजेच्या कामाला तारतंत्रीचा (वायरमनचा) किंवा पर्यवेक्षकाचा परवाना लागतो. मोठ्या मासेमारी जहाजावरची प्रमाणपत्रं वर सांगितलीच. जिथे कायदा माणसाच्या कागदावर बोट ठेवतो, तिथे मालकाला स्वस्तातला माणूस घेता येत नाही. म्हणून मी माझ्या मुलांना नेहमी सांगायचो, तुमच्या ट्रेडच्या पुढे कुठला परवाना आहे ते पहिल्याच वर्षी शोधून ठेवा.

एक उदाहरण देतो. दापोली तालुक्यातला एक मुलगा, फिटर ट्रेडचा, दहावीला जेमतेम पास. शिकाऊ उमेदवारी रसायनांच्या कारखान्यात केली, तिथेच बॉयलर विभागात चिकटला, अटेंडंटची दुसऱ्या वर्गाची परीक्षा दिली, मग पहिल्या वर्गाची. आज त्याच्या शिफ्टमध्ये पदविका झालेली मुलं त्याला विचारून काम करतात. त्याच्या वर्गात त्याच्याहून हुशार मुलं होती, पण मी वर लिहिलं तशी ती ठेकेदाराकडे गेली.

आता शाळेतल्या सरांचं. त्यांचं म्हणणं मी झिडकारत नाही. तुमच्या मुलाला शिक्षक, फार्मासिस्ट, नर्सिंग, किंवा व्यापारी जहाजावर अधिकारी व्हायचं असतं, तर मीही अकरावी सायन्सच सांगितलं असतं. जहाजावरच्या डेक ऑफिसरसाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित लागतंच, ती वाट आयटीआयवरून जात नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी करायचं असेल किंवा रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात पदवी घ्यायची असेल, तरीही बारावी सायन्स. मुलाशी शांतपणे बोला. त्याला इंजिन आवडतं म्हणून जायचं आहे, की अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून? दुसरं कारण असेल तर त्याला सांगा की आयटीआयमध्येही पेपर असतात, हजेरी असते आणि दिवसभर उभं राहावं लागतं. तुम्ही लिहिलं आहे त्यावरून मला पहिलं कारण दिसतं.

मामांच्या कॉमर्सबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. ज्याला आकड्यांची, हिशेबाची गोडी आहे त्याने कॉमर्स करावं, उत्तम शाखा आहे. पण 'पदवी तर पडेल' म्हणून मुलाला विरारच्या खोलीत नेऊन ठेवणं, रोजचे चार तास लोकलमध्ये घालवणं आणि शेवटी कुरिअरच्या किंवा मॉलच्या नोकरीला लावणं, हे मी आमच्याच वाडीत पाहतो आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने गिरणीत नोकरी धरली. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, आणि माणसं गावी परतली. आमच्या वाडीत त्या वेळी जे पुन्हा लवकर उभे राहिले ते गिरणीतले फिटर, वायरमन, बॉयलरवाले. साच्यावर (मागावर) आयुष्य काढलेल्यांकडेही कसब होतं, कमी नव्हतं, पण ते दुसरीकडे दाखवायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. मामांना दुखवू नका. त्यांना मुलाचं भलंच हवं आहे. त्यांना हे इतिहासातलं उदाहरण द्या, त्यांनीही ते दिवस जवळून पाहिले असतील.

आता सावधगिरीचं, आणि ते मी जरा जोर देऊन सांगतो, कारण दहावीचा निकाल लागला की आपल्या किनाऱ्यावर दलाल उतरतात. 'मर्चंट नेव्हीत लावतो, सहा महिन्यांत बोटीवर, डॉलरमध्ये पगार.' जीपी रेटिंग हा जहाजावरच्या खलाशाचा सहा महिन्यांचा खरा अभ्यासक्रम आहे, त्याला दहावी चालते, आणि चांगल्या संस्थेतून केला तर आयुष्य घडतं. पण संस्था नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेलीच हवी. त्यांच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते, ती स्वतः बघा. भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे जहाजांवर माणसं भरती करण्याचा सरकारी परवाना आहे का बघा. रोख पैसे मागणारा, पावती न देणारा, 'सीडीसी (खलाशाचं नोंदणी-पुस्तक) बाहेरच्या देशाची काढून देतो' म्हणणारा माणूस दारात उभा करू नका. आपल्याकडे लोकांनी जमिनी विकून असे पैसे दिले आहेत. आखातात नेणाऱ्या एजंटाचंही तसंच, त्याची परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते.

तसंच 'फायर अँड सेफ्टी'चे सहा महिन्यांचे कोर्स. दहावीच्या मुलाला सेफ्टी ऑफिसर करतो म्हणून सांगतात. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायला पदवी किंवा पदविका, कारखान्यातला अनुभव आणि वर मान्यताप्राप्त सुरक्षा पदविका लागते. दहावीनंतर सहा महिन्यांत ते होत नाही.

खासगी आयटीआयला घालायची वेळ आली तर घेणार असलेला ट्रेड केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी (डीजीटी; पूर्वी याला एनसीव्हीटी संलग्नता म्हणत) संलग्न आहे का, हे लेखी विचारा. संस्था मान्य असते पण एखादी नवी तुकडी नसते, असंही होतं. शासकीय आयटीआय मिळत असेल तर ती घ्या. फी नाममात्र असते. इमारत जुनी दिसेल, काही यंत्रंही जुनी दिसतील. तरी लेथ, बेंच आणि इंजिन हात लावायला मिळतं हे महत्त्वाचं. प्रवेशाआधी मुलाला घेऊन एकदा त्या वर्कशॉपमध्ये जाऊन या. निदेशकांना विचारा की गेल्या वर्षीच्या तुकडीतली किती मुलं शिकाऊ उमेदवारीला लागली आणि कुठे. ज्या निदेशकाला हे तोंडपाठ सांगता येतं, त्याच्या हाताखाली मुलगा निर्धास्त सोडा.

राहिला लग्नाचा प्रश्न. ताई, तुम्ही तो संकोचत लिहिला आहे, पण तो खरा आहे आणि मला क्षुल्लक वाटत नाही. कोकणात मुलगी देताना 'मुंबईला काय करतो' हे अजून विचारतात. पण मी गेल्या काही वर्षांत बदल पाहतो आहे. कायम नोकरीतला ऑपरेटर, महावितरणमध्ये लागलेला मुलगा, स्वतःचं गॅरेज आणि दोन मुलं हाताखाली असलेला मेकॅनिक, यांच्या घरी स्थळं येतात. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला तर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआयच मागतात. अडचण होते ती अर्ध्यावर सोडलेल्यांची, मग ते आयटीआयचे असोत की बीकॉमचे. मुलगा स्थिर आहे का, एवढंच शेवटी मुलीचे आईवडील बघतात.

तुम्ही पत्राच्या शेवटी धाकट्या मुलीचा उल्लेख केला आहे, नववीत आहे आणि दादाच्या जोडीने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसते. तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी लिहितो. आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात आणि त्यांतल्या कित्येक भरतच नाहीत, कारण मुलींना शिवणकाम आणि ब्युटी पार्लर याच ट्रेडकडे वळवलं जातं. ते ट्रेड ज्यांना आवडतात त्यांनी घ्यावेत. पण इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, सिव्हिल ड्राफ्ट्समन, केमिकल प्लँट ऑपरेटर या ट्रेडमध्ये मी शिकताना पाहिलेल्या मुली कामात अतिशय नेमक्या होत्या. मापात चूक नाही, नोंदवही चोख. नियंत्रण कक्षात अशीच माणसं लागतात. पुढच्या वर्षी तिचा निकाल लागला की तिलाही वर्कशॉप दाखवायला न्या.

आता तातडीचं. प्रवेश अर्ज ऑनलाइन असतो, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर. सायबर कॅफेवाल्याला भरायला सांगून घरी येऊ नका, विकल्प भरताना मुलगा आणि तुम्ही दोघं तिथे बसा. विकल्पांचा क्रम फार विचार करून लावा, कारण पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. माझ्या हिशेबाने पहिला विकल्प मोटार मेकॅनिक, मग रेफ्रिजरेशन, मग फिटर, आणि हे तिन्ही आधी जवळच्या शासकीय आयटीआयला, नंतर दूरच्या. डिझेल मेकॅनिक शेवटी ठेवा, काहीच मिळालं नाही तर तोही वाईट नाही. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर हे आत्ताच काढून ठेवा, जुलैत तहसीलदार कचेरीत रांगा लागतात. मूळ दाखले कुठल्याही खासगी संस्थेकडे ठेवायला देऊ नका, छायाप्रती द्या.